मोडीत काढण्यापूर्वी

बेंगळुरूच्या अव्हेन्यू रोडवरून नगरतपेटेच्या बोळांत शिरलं की आधी तेजाबाचा वास येतो आणि थोडं पुढे गेलं की माणदेशी मराठी कानावर पडते. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचांदीच्या गलाईत आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत जिथे सराफबाजार, तिथे आमच्याकडचं कुणी ना कुणी भट्टीवर बसलेलं असतं. माझ्या वडिलांनी इथे भट्टी लावली, आता ती मी चालवतो. जुना माल वितळवायचा, त्यातलं तांबं, जस्त, शिसं काढून टाकायचं, टंच म्हणजे शुद्धतेचं प्रमाण काढायचं आणि चोख धातू लगडीच्या रूपात परत करायचा, हे आमचं काम. या कामावर माझं घर चालतं. म्हणूनच मी सांगतो ते लोकांनी ऐकावं असं वाटतं: घरातली जुनी चांदी बाहेर काढायची असेल तर जरूर काढा, पण सगळी एका पिशवीत भरून भट्टीवर आणू नका.

सध्या ती येते आहे, आणि फार येते आहे. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्या १८९८च्या प्लेगच्या आगेमागे वसल्या. तिथली अंगणाची, ओसरीची घरं आता एकामागून एक पाडली जातात आणि तिथे मजले चढतात. मुलं सिडनीला नाहीतर सिएटलला असतात. आई-वडिलांना दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं असतं, तिथे बारा माणसांची ताटं ठेवायला फडताळ नसतं. शिवाय २०२५च्या ऑक्टोबरात चांदीचा भाव किलोला दीड लाखाच्या वर गेला. इतकी वर्षं कुलपात पडलेल्या भांड्यांकडे घरच्यांची नजर गेली ती तेव्हा.

मल्लेश्वरमच्या एका काकूंची ट्रंक मला नीट आठवते. माहेर धारवाडकडचं, सासर तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातलं. घर बिल्डरला दिलेलं आणि महिनाअखेर ते रिकामं करायचं होतं. “भाऊ, सगळं एकदमच वितळवून टाका. मला पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही,” असं म्हणून त्यांनी ट्रंक उघडली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणि रबरबँड लावलेली भांडी होती. रबर जिथे टेकलं होतं तिथे चांदीवर काळे पट्टे उमटले होते. रबरात गंधक असतं आणि गंधकाशी चांदीचं वैर जुनं आहे. तो काळेपणा म्हणजे चांदीचा सल्फाइड. धातू आतून खराब झालेला नसतो, पण हे माहीत नसल्यामुळे अनेक जण काळं पडलेलं भांडं निकामी समजून आधी तेच मोडीत घालतात.

“काकू, वितळवायला वेळ लागत नाही. आधी बघू तरी काय काय आहे ते,” मी म्हणालो आणि सतरंजीवर सगळं मांडलं.

सगळ्यात भारदस्त दिसत होता तो चहाचा संच: किटली, दूधदाणी, साखरदाणी, मोठा ट्रे. स्वातंत्र्याच्या सुमाराला कॅन्टोन्मेंट सोडून चाललेल्या एका इंग्रज कुटुंबाच्या सामानाच्या लिलावात सासऱ्यांनी तो घेतला होता. घरच्यांची सगळी आशा त्यावर होती, कारण वजन भरपूर. किटली उलटी केली तर तळाशी चार छोट्या चौकटींत चार अक्षरं होती: ई, पी, एन, एस. लांबून पाहिलं तर ती इंग्लिश चांदीच्या शिक्क्यांसारखीच दिसतात आणि चौकटी घालण्यामागचा हेतूही तोच होता. पण अर्थ असा की आत निकेल सिल्व्हर आणि वर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचं ते मिश्रण आहे. विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने १८४० साली घेतलं आणि त्यानंतर मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीची झळाळी स्वस्तात आली. अख्ख्या किटलीवर चांदी असते काही ग्रॅम. ती उतरवायला लागणारं तेजाब आणि मजुरी तिच्यापेक्षा महाग पडते. नुसतं ‘शेफिल्ड’ हे नाव किंवा ‘ए-वन’ अशी छाप दिसली तरी बहुधा मुलामाच समजावा.

खऱ्या इंग्लिश चांदीची खूण वेगळी. इंग्लंडच्या वस्तूवर एक पाय उचलून चालणारा सिंह हवा. तो असला तर हजारात ९२५ भाग चांदी. त्याच्या शेजारी गावाची खूण असते: लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफिल्डचा पूर्वीचा मुकुट. एक अक्षर वर्ष सांगतं आणि एक ठसा कारागिराचा असतो. १७८४ ते १८९० या काळातल्या मालावर कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकंही सापडतं. काकूंच्या चमच्यांच्या जुडीत झिजलेले सहा बारीक चमचे वेगळे निघाले. भिंगातून पाहिलं तर नांगर आणि सिंह दोन्ही होते. सगळ्यात दुर्लक्षित, पातळ, ओरखडे पडलेले असे ते चमचे अस्सल होते आणि चकाकणारी किटली मुलाम्याची. चांदीच्या मुठीच्या सुऱ्यांबद्दल मात्र सावध राहावं. मूठ पातळ पत्र्याची असते, आत राळ भरलेली असते आणि पातं पोलादाचं. वजनावर हिशेब केला तर निराशा ठरलेली.

आपल्याकडच्या जुन्या चांदीवर असे सरकारी शिक्के नसतात, कारण इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात चांदी तपासून छाप मारण्याची व्यवस्थाच नव्हती. मोठ्या दुकानांनी आपापली नावं किंवा खुणा उमटवल्या. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीचा हत्ती, भुजच्या उमरसी मावजीची ‘ओ. एम.’ ही अक्षरं, पुण्याच्या हिरप्पा बुचण्णाचं पूर्ण नाव, मद्रासच्या माउंट रोडवरच्या पी. ऑर अँड सन्सचं नाव. आमच्या बेंगळुरूतही बार्टन यांची पेढी होती. तेव्हाच्या साउथ परेडवर, म्हणजे आताच्या महात्मा गांधी रोडवर. बार्टन सेंटर या इमारतीने ते नाव आजवर जपलं आहे. हे ठसे तळाशी, कडेच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या पोटात इतके बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं. चांदी विकण्याआधी तेवढा खर्च करावा.

काकूंच्या ट्रंकेत असा एक डबा निघाला. हाताच्या तळव्याएवढा, गोल, अंगभर कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यात उठावाची एकेक देवमूर्ती. याला जाणकार ‘स्वामी’ घडण म्हणतात. मद्रासकडच्या कारागिरांनी ती इंग्रज गिऱ्हाइकांसाठी नावारूपाला आणली, आणि १८७५-७६मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला तेव्हा ऑर कंपनीने या घडणीच्या वस्तू त्याच्यासाठी बनवल्या. या डब्याच्या तळाशी त्याच कंपनीचं नाव होतं. वजन मोजकंच. माझ्या काट्यावर त्याला मोडीचा भाव मिळाला असता आणि घडणावळीचे शून्य रुपये. चांदीच्या पत्र्याला राळेचा आधार देऊन, लहानलहान पोगर चालवून, पत्रा पुढून-मागून ठोकत गणपतीच्या सोंडेची वळी काढणारा हात आता मिळवायला गेलं तरी मिळणार नाही, आणि ९६२ अंशांना मुशीत डब्याचं पाणी व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. अशी वस्तू मी वितळवत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल हे ठाऊक असूनही नाही.

तंजावरच्या सासरचं एक मोठं तबकही होतं. पितळी पायावर चांदीचे देव आणि वेलबुट्टी ठोकून बसवलेली. ही कला तिथल्या मराठा राजांच्या काळातली मानतात. त्यातली चांदी खरवडून घ्यावी अशी काकूंच्या भाच्याची सूचना होती. खरवडली तर हातात येईल तो चुरगळलेला, डाख आणि लाख लागलेला पत्रा, आणि तबक जाईल भंगारात. बिदरीचंही असंच. कर्नाटकात अनेक घरांत बिदरची सुरई किंवा पानदान असतं आणि त्यावर चांदीचं काम आहे म्हणून लोक ते गलाईला आणतात. बिदरीचा मुख्य धातू जस्त, आणि चांदी म्हणजे त्यात बसवलेली बारीक तार किंवा पातळ पत्रा. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन जातं, म्हणजे चांदी वितळायच्या आधीच. भट्टीत पांढरा धूर आणि मुशीत गाळ, यापलीकडे काही उरत नाही.

राहिली घरची चांदी: ताटं, वाट्या, फुलपात्रं, निरांजनं, लग्नामुंजीत आलेले कुंकवाचे करंडे, वरमहालक्ष्मीच्या कलशाला लावायचा देवीचा मुखवटा, बारशाचे वाटी-चमचे. यातला बराचसा माल वितळवायला माझी हरकत नसते. पातळ पत्र्याचे, साच्यात दाबून काढलेले, एकसारखे पन्नास करंडे कुणाच्याच आठवणीत नसतात. आणि चांदी वितळवणं हा अपराध आहे असं मानण्यासारखी आपली परंपराही नाही. इंग्रजी अमदानीतला रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. कारागिराला रुपये तोलून द्यायचे आणि तेवढ्या वजनाचा तांब्या घ्यायचा, मजुरी वेगळी. अडचण आली की तांब्या मोडून पुन्हा पैसे. १९४०मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ला रुपया निकेलचा झाला, तेव्हा हा व्यवहार संपला. जयपूरच्या सवाई माधोसिंहांनी १९०२ साली विलायतेला जाताना गंगाजल नेण्यासाठी जे प्रचंड चांदीचे घडे नेले, ते प्रत्येकी चौदा हजार नाणी वितळवून केलेले. ते आजही तिथल्या राजवाड्यात पाहायला मिळतात. चांदीने नेहमीच रूप बदललं आहे.

भाव चढला की मात्र विचार न करता वितळवण्याची लाट येते, आणि त्यात जे जातं त्याची भरपाई होत नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९मध्ये युद्धाच्या खर्चासाठी व्हर्सायमधलं चांदीचं फर्निचर टांकसाळीत पाठवलं. घडवायला लागलेल्या पैशांच्या मानाने त्यातून फारच थोडं हाती आलं, आणि आता ते फर्निचर फक्त चित्रांत आणि कागदपत्रांत उरलं आहे. १९८०च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत दीडदोनशे वर्षांच्या किटल्या आणि मेणबत्तीदाण्या रांगा लावून भट्टीत गेल्या. मार्चअखेर भाव कोसळून ११ डॉलरच्या खाली आला. लोकांनी चार पैसे मिळवले, पण त्या किटल्या कुणीही परत घडवू शकलं नाही. आजचा भाव पाहिला की मला तेच दिवस आठवतात आणि काळजी वाटते.

जे वितळवायचं ते कसं वितळवावं, हेही सांगतो. वजन स्वतःसमोर करा. मुलामा नाही ना, हे आधी पाहून घ्या. टंच काढायचं मशीन क्ष-किरणांवर चालतं आणि ते फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलाम्यावर ते ९० दाखवू शकतं आणि आत पितळ असू शकतं. म्हणून एखाद्या जागी कानशीने घासून आतलं पाहावं, किंवा वितळवून लगडीचा तुकडा तपासावा. जुन्या भांड्यांना कड, कान, बूड जोडताना डाख लावलेला असतो आणि डाखात तांबं-जस्त असतं, त्यामुळे सगळं मिळून टंच उतरतो. ताटाच्या मधोमध ९२ दाखवलं म्हणून पूर्ण लगड ९२ येईल असं नाही. पंच्याऐंशी टंच म्हणजे किलोत ८५० ग्रॅम चोख, पैसे त्याचे. हे गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगितलं की भांडण होत नाही. नवी चांदी घेताना भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क मागावा. चांदीला तो सक्तीचा नाही, पण पुढच्या पिढीला विकताना त्याचा उपयोग होतो.

काकूंच्या मालातली ताटं, वाट्या आणि करंडे त्यांच्या देखत वितळले. त्या लगडी पुढे सेलमला नाहीतर आपल्या कोल्हापूरकडच्या हुपरीला जातात आणि पैंजण होऊन परततात. चहाचा संच त्यांनी शेजारच्या नव्या बिऱ्हाडाला दिला, ते रोज त्यात चहा करतात. सहा चमचे नातवंडांत वाटले. तबक नव्या घराच्या भिंतीवर लागलं. डबा लेकीला अमेरिकेला न्यायचा होता. तेव्हा मी त्यांना १९७२चा पुरावस्तू कायदा सांगितला: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सामानात गुपचूप टाकून नेणं हा गुन्हा आहे, आणि परदेशी राहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना हे ठाऊक नसतं. विकायचाच असेल तर मुंबईच्या अष्टगुरू किंवा सॅफ्रनआर्टसारख्या लिलावगृहाला फोटो पाठवा असंही सुचवलं. डब्याची किंमत मी सांगितली नाही. माझा काटा धातूचा आहे, तो त्या कामाचा नाही.

दिवाळीच्या साफसफाईत यंदाही ट्रंका उघडतील. आणणार असाल तर एक करा: आधी घासू नका. चिंच, राखुंडी, टूथपेस्ट यांनी बारीक ठसे पुसट होतात आणि मुलामा उडतो. ॲल्युमिनियमचा कागद आणि खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने काळेपणा लगेच जातो हे खरं, पण नक्षीच्या खाचांत कारागिराने मुद्दाम ठेवलेली काळी छायाही त्यात निघून जाते. काळी असली तरी तशीच आणा, रबरबँड काढून सुती कापडात गुंडाळा. आणि सकाळीच या. एकदा भट्टी पेटली की भिंग घेऊन बसायला मला सवड मिळत नाही.