दोन रॅम आणि अर्धी आजी

परवा गडमुडशिंगीला घरी गेलो होतो. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा म्हणून उघडला, तर आत दोन रॅम शेजारी शेजारी बसलेल्या. एक हिरवी, एक निळी. त्या दोघींनी (खरं तर मीच) २००९ साली जो घोळ घातला, तो एकदाचा लिहूनच टाकतो.

तर झालं असं. प्रोसेसर होता इंटेलचा ई-५२००, अडीच गिगाहर्ट्झचा. रॅम १ जीबी, डीडीआर-२, ६६७ ची. मी कोल्हापुरातून आणखी १ जीबी आणली, पण ती होती ८०० ची. दुकानदार म्हणाला, "चालतंय की!" आणि तो खोटं बोलला नव्हता. प्रत्येक रॅमवर एक छोटी चिप असते, तिच्यात त्या रॅमचा वेग आणि टायमिंग लिहिलेलं असतं. मदरबोर्ड दोन्हींचं वाचतो आणि जिला कमी झेपतं तिच्या चालीनं दोघींना चालवतो. ८०० वाली गुपचूप ६६७ वर आली. सगळं छान.

पण मला ओव्हरक्लॉकिंगचा किडा चावला होता. बायोसमध्ये जाऊन एफएसबी २०० चा २४० केला. प्रोसेसर फुकटात ३ गिगाहर्ट्झ! मित्रांना फोन करकरून सांगितलं. फक्त एक विसरलो. एफएसबी वाढवला की रॅमचा वेगही त्याच पटीत वाढतो. ६६७ चे झाले ८००. नवीला ते रोजचंच, जुनीच्या मात्र कुवतीबाहेरचं.

आणि गंमत म्हणजे काहीच बिघडलं नाही! विंडोज सुरू, गाणी सुरू, गेम सुरू. आठवड्यातून एखाद्या वेळी निळा स्क्रीन यायचा, तो मी व्हायरसच्या नावावर खपवला. त्याच दिवसांत आजीची पंच्याहत्तरी झाली. फोटो कॉम्प्युटरवर घेतले, कार्ड पुसलं आणि कॅमेरा मित्राला परत केला. महिन्याभरानं प्रिंट काढायला बसलो, तर अकरा फोटो अर्धेच. वर आजीचा चेहरा, खाली नुसता करडा पट्टा.

कॉपी होताना फोटो रॅममधून जातो. तिथे एखादा बिट शून्याचा एक झाला, की तिथून पुढचं सगळं चित्र बिघडू शकतं. सर्व्हरच्या ईसीसी रॅममध्ये ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात, ते एका बिटाची चूक पकडून दुरुस्त करतात. आपल्या घरच्या रॅममध्ये तसलं काही नव्हतं. चूक झाली, हे कुणी सांगतच नाही.

मग लोडशेडिंग नसलेल्या रात्री गाठून मेमटेस्ट लावला. नवी एकटी ८०० वर, स्वच्छ. जुनी एकटी ८०० वर, लाल ओळींचा पाऊस. एफएसबी पुन्हा २०० केला, दोन्ही मिळून ६६७ वर, रात्रभर एकही चूक नाही! म्हणजे जुनी रॅम खराब नव्हतीच. दोघी एकत्र बिनतक्रार नांदल्या असत्या. मीच तिला न विचारता पळवली होती.

बाबा तेव्हा गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत होते. सगळं ऐकून म्हणाले, "आरं, वरनं चकचकीत दिसतंय म्हणून कास्टिंग चांगलं नसतंय. आत ब्लोहोल हाय का नाही, ते मशीनवर टूल लागल्यावरच कळतंय." माझं टूल महिनाभर उशिरा लागलं.

आता डीडीआर-५ चा जमाना आहे, पण नियम तोच. एक्सएमपी चालू करणं हेही ओव्हरक्लॉकिंगच. घरात वेगवेगळ्या रॅमची जोडी लावली असेल तर आधी रात्रभर टेस्ट, फोटो नंतर. आणि कार्ड लगेच पुसू नका.

आजी आता नाही. त्यातलाच एक फोटो, खालचा करडा भाग कापून, सोप्यात लावलाय. चेहरा छान आलाय. त्या दिवशी हौसेनं नेसलेलं नवं इरकली लुगडं मात्र कुठल्याच फोटोत धड नाही.

कॉम्प्युटर भंगारात गेला. रॅम दोन्ही ठेवून घेतल्या.