वीपुरी : एका प्रांताची गोष्ट

जिल्हा किंवा प्रांत म्हणजे अर्जावरचा एक रकाना, एवढीच माझी समजूत होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा असले अर्जही घरात प्रथम मीच भरले. परंतु फिनलंडच्या वीपुरी प्रांताचा इतिहास वाचला आणि त्या रकान्यात माणसे दिसू लागली.

नावात 'पुरी' असली तरी हे गाव दूर उत्तरेचे, फिनलंडच्या आखाताजवळचे. १२९३ मध्ये स्वीडिश लोकांनी तेथे किल्ला बांधला. पुढे स्वीडन व रशिया यांच्या ओढाताणीत, १७२१ आणि १७४३ च्या तहांनी, हा मुलूख रशियाकडे गेला. १८०९ मध्ये सारे फिनलंडच झारच्या अमलाखाली आले आणि १८१२ मध्ये वीपुरी पुन्हा फिनलंडला जोडले गेले. १९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाले.

पण ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा चालून आल्या. मार्च १९४० च्या तहात प्रांताचा बहुतेक भाग गेला. कॅरेलियातील चार लाखांहून अधिक माणसे घरेदारे सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. १९४१ मध्ये मुलूख परत मिळाला. सुमारे २ लाख ८० हजार लोक माघारी गेले. पडलेली घरे उभारली, शेते पेरली. आणि १९४४ मध्ये पुन्हा सारे सोडावे लागले! दुसऱ्यांदा उंबरठा ओलांडताना त्या माणसांना काय वाटले असेल?

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. म्हणूनच की काय, मी सर्वांत जास्त रेंगाळलो तो १९४५ च्या जमीन कायद्यापाशी. युद्धाने खंगलेल्या त्या छोट्या देशाने सरकारी जमिनी काढल्या, कंपन्यांच्या व मोठ्या जमीनदारांच्या जमिनी मोबदला देऊन घेतल्या, आणि विस्थापित शेतकऱ्यांना व आघाडीवरून परतलेल्या सैनिकांना मिळवून दिल्या. ज्यांचे काही गेले नव्हते, त्यांनीही आपल्यातले काढून दिले.

प्रांताच्या उरलेल्या तुकड्याला त्याच वर्षी नदीवरून 'क्युमी' हे नाव मिळाले. १९९७ मध्ये तोही दक्षिण फिनलंड प्रांतात विलीन झाला आणि २०१० पासून फिनलंडमधली प्रांतांची व्यवस्थाच संपली. वीपुरी शहर आज रशियात आहे. त्याला व्हिबोर्ग म्हणतात.

सीमा तहाच्या कागदावर एका रात्रीत बदलतात. उखडलेल्या माणसाला पुन्हा रुजायला मात्र पायाखाली माती लागते. ती माती देणारा देश मला लढाई जिंकणाऱ्या देशापेक्षा मोठा वाटतो.