बरोबरीची कुस्ती

कोल्हापुरात घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की सगळी गल्ली उंबऱ्यात येते. कुणी शहाळी आणतं, कुणी जोतिबाचा गुलाल. उशाशी बसून सगळे "काय न्हाई होत, बरं व्हशीला" म्हणतात आणि चपला घालताना दबक्या आवाजात विचारतात, "किती दिवस म्हणालेत?" ही माया खरी आहे, तिच्यावर आमची घरं उभी आहेत. पण मधल्या खोलीतल्या माणसाला ते सगळं ऐकू येत असतं.

माझे काका शिवाजी पेठेतल्या तालमीत वाढलेले. कॅन्सर हाडांत उतरला तेव्हा त्यांना कूस बदलता येईना. "आता घरी न्या, करण्यासारखं काही उरलं नाही," असं एका रुग्णालयात सांगितलं गेलं. करण्यासारखं पुष्कळ उरलं होतं, हे आम्हाला पुण्याच्या वारज्यात कळलं. आपल्याच बंगळूर महामार्गालगत तिथे १९९७ पासून सिप्लाचं उपशामक उपचार केंद्र आहे. तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत आणि सोबत घरच्या माणसालाही ठेवून घेतात.

पहिल्या दिवशी सिस्टरने विचारलं, "शून्य ते दहात दुखणं किती, आबा?" आकडे काकांना पटेनात. ते म्हणाले, "चितपट केलंय बघा." तिने तेच लिहून घेतलं. मग मॉर्फिन सुरू झालं. आम्ही हादरलोच. सवय लागेल, हे शेवटचंच औषध, असं सगळीकडे ऐकलेलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: दुखण्याच्या मापाने डोस, ठरलेल्या वेळी दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहायचं औषध. दुखणं उसळायची वाट बघत बसायचं नाही. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने हे औषध रुग्णांपासून फार लांब नेऊन ठेवलं होतं; २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली. मधल्या वर्षांत किती माणसं तळमळत गेली असतील, हा विचार मला अजून सोडत नाही. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आज बरोबरीत सुटली," आणि भाकरी मागितली.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. दुखणं एकट्या शरीराचं नसतं, मनाचं, नात्यांचं, पैशाचं, श्रद्धेचंही असतं, असं त्या म्हणत. काकांचं अर्धं दुखणं बांधावरून अबोला धरलेल्या धाकट्या भावाचं होतं. डॉक्टर रोज खुर्ची ओढून बसत, आजाराबद्दल काय वाटतं ते विचारत, म्हणून ते बाहेर आलं. आम्ही सहा महिने त्यांच्यापासून रोगाचं नाव लपवत होतो; त्यांना ते केव्हाच ठाऊक होतं. पुढे धाकटा भाऊ आला, चहा प्याला. बांधाचा विषय निघालाच नाही.

काकूंना सिस्टरने चादरीला धरून माणूस कुशीवर कसा वळवायचा ते हाताला हात लावून शिकवलं. ओल्या कापडाने तोंड आतून पुसायचं, ओठांना तूप लावायचं, टाचेखाली उशी सरकवायची. घरी परतल्यावर गोळ्यांच्या वेळा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिल्या आणि रात्रीची पाळी मुलांनी वाटून घेतली, कारण काकूंनी झोपायचं हेही तिथूनच लिहून दिलं होतं. काका गेले ते स्वतःच्या घरात, न कण्हता.

वारजं जवळ आहे ते गाडी करू शकणाऱ्यांना. गगनबावडा-शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसालाही ही गोळी आणि ती शिकवणारी सिस्टर घराजवळच मिळाली पाहिजे. देशाचा उपशामक सेवेचा कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहेच. आणि ही सेवा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची नसते, केमो-रेडिएशन चालू असतानाही ती सोबत घेता येते. तुमच्या घरी असा आजार आला, तर निदान झालं त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा: रोगाचं कळलं, दुखण्याचं काय करणार? आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.