संगणकाची कॅसेट आणि सत्तराव्या ओळीचा अर्थ

१/
एकेकाळी संगणकाची स्मृती कानांनी ऐकता येत असे. आज आपण फाइल साठवतो तेव्हा कसलाही आवाज होत नाही. १९८० च्या दशकात मात्र घरगुती संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम जपून ठेवायचा, तर तो आधी ध्वनीत बदलावा लागे आणि मग साध्या टेपरेकॉर्डरवर, गाण्यांसाठी मिळणाऱ्या कॅसेटवरच, मुद्रित करावा लागे. ही पद्धत कशी होती, ती आमच्या बोईसरच्या घरात कशी आली आणि अशा कॅसेटी आज इतिहासाचे साधन म्हणून कशा हाताळाव्यात, याविषयी हा धागा.

२/
प्रथम कॅसेटविषयी. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट जगापुढे आणली. लू ओटेन्स या डच अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ती तयार झाली होती. फितीची रुंदी ४ मिलिमीटरहूनही कमी, वेग सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर. म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण ८६ मीटर फीत गुंडाळलेली असे. ती बोलणे आणि गाणे यांसाठी घडवली होती. संगणकाचा विचार तिच्या जन्माच्या वेळी कोणाच्याही मनात नव्हता.

३/
मग संगणकाला तिची गरज का पडली? त्या काळच्या घरगुती संगणकाची अंतर्गत स्मृती वीज असेपर्यंतच टिके. दोन तास खपून टंकलेला प्रोग्रॅम वीज जाताच नाहीसा होई. फ्लॉपी ड्राइव्ह उपलब्ध होते, पण त्यांची किंमत पुष्कळदा खुद्द संगणकाइतकी असे. कॅसेट आणि टेपरेकॉर्डर मात्र घरोघरी पोहोचले होते. जे घरात आहे त्यावरच भागवायचे, या व्यवहारी विचारातून ही जोडी जमली.

४/
नोव्हेंबर १९७५ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे 'बाइट' मासिकाने एक परिषद भरवली. निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांना एकमेकांच्या कॅसेटी वाचता याव्यात, म्हणून तेथे एक संकेत ठरला. शून्य लिहायचे तर १२०० हर्ट्झच्या स्वराची ४ आवर्तने, एक लिहायचे तर २४०० हर्ट्झच्या स्वराची ८ आवर्तने. संगीताच्या भाषेत सांगायचे तर एक षड्ज आणि त्याच्याच वरच्या सप्तकातील षड्ज. या दोन स्वरांत सगळी माहिती मावत असे. वेग सेकंदाला सुमारे २७ अक्षरे.

५/
पुढे वेग वाढला. डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोचा वेग याच्या चौपट होता. एप्रिल १९८२ मध्ये आलेला सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम सेकंदाला सरासरी १५०० बिट टिपे. तरीही हिशेब करून पाहा. आजच्या मोबाइलमधला ३ एमबीचा एक फोटो स्पेक्ट्रमच्या पद्धतीने कॅसेटवर उतरवायचा, तर सुमारे साडेचार तास लागतील आणि ६० मिनिटांच्या कॅसेटींच्या नऊ बाजू भरतील.

६/
माहिती ध्वनीच असल्यामुळे ती आकाशवाणीच्या लहरींवरूनही पाठवता येई. नेदरलँड्समधील 'हॉबीस्कोप' या रेडिओ कार्यक्रमातून प्रोग्रॅम प्रसारित होत आणि श्रोते ते घरी टेप करून संगणकात भरत. १९८३ पासून बेलग्रेडच्या रेडिओवरही असा प्रयोग चालला. ज्याला ते ठाऊक नाही, त्याच्या कानाला ती केवळ कर्कश खरखर.

७/
आता भारताकडे वळू. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारचे नवे संगणक धोरण आले आणि आयातीची बंधने सैल झाली. १९८४-८५ मध्येच 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो देण्यात आले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हाच संगणक पुढे 'युनिकॉर्न' नावाने काढला. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने बाजारात आणली. नव्वदच्या सुमारास तिची बाजारपेठ ओसरली.

८/
त्या वेळचे बोईसर डोळ्यांसमोर आणावे लागेल. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, मग औद्योगिक वसाहत वाढली. किनाऱ्यावर मांगेल्यांची जुनी गावे, पूर्वेला आदिवासी पाडे आणि मध्ये देशभरातून आलेल्या अभियंत्यांची वसाहत, अशी ही वस्ती. नवी वस्तू आमच्याकडे बहुधा वसाहतीच्या वाटेने येई आणि जुनी होऊन गावात उतरे.

९/
आमच्या घरी संगणक आला तो याच वाटेने. १९८९ मध्ये वसाहतीतील एका कुटुंबाची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपला डीबी स्पेक्ट्रम विकायला काढला. वडील औद्योगिक वसाहतीत फिटर होते. त्यांनी तो माझ्या थोरल्या भावासाठी, दादासाठी, हप्त्यांनी घेतला. पडद्याचे काम घरचा टीव्ही करी आणि साठवणुकीचे काम आईचा टू-इन-वन. आईला त्यावर अभंग ऐकायचे असत. त्यामुळे दादाचा संगणक दुपारी आणि आईचे अभंग सकाळी, अशी वाटणी झाली होती.

१०/
कृती अशी असे. प्रोग्रॅम टंकून झाला की 'सेव्ह'ची आज्ञा द्यायची. पडद्यावर 'टेप सुरू करा आणि कोणतीही कळ दाबा' अशा अर्थाची इंग्रजी सूचना येई. रेकॉर्डची कळ दाबली की प्रथम एक लांबलचक सलग शिटी, त्यासोबत पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे. मग खरखर आणि निळे-पिवळे पट्टे. परत वाचताना आवाजाची पातळी बिघडली, हेडवर धूळ बसली वा हेडचा कोन किंचित ढळला, की 'टेप लोडिंग एरर'. मग कापसाला स्पिरिट लावून हेड पुसायचे, बारीक पेचकसाने स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

११/
एका कॅसेटवर दहा-बारा प्रोग्रॅम असत. हवा तो शोधायचा कसा? टेपवरचा तीन आकडी काउंटर हा एक मार्ग. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा होता. संगणकाची वायर टेपच्या माइकच्या खाचेत खोवलेली असे. ती पिन काढली की टेपचा स्वतःचा माइक चालू होई. म्हणून पुष्कळ जण प्रोग्रॅमच्या आधी पिन काढून त्याचे नाव स्वतःच्या आवाजात बोलून ठेवत. दादाही तसेच करी. म्हणजे या कॅसेटींवर एकाआड एक दोन प्रकारचे ध्वनी आहेत, यंत्राने यंत्रासाठी केलेले आणि माणसाने माणसासाठी केलेले.

१२/
दादाने स्वतः लिहिलेला एक प्रोग्रॅम भरतीची वेळ सांगणारा होता. आमचे आजोबा दांडीचे मच्छीमार. खाडीतून होडी बाहेर काढायची तर भरतीचे पाणी लागते आणि किनाऱ्यावर त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. चंद्र दर तिथीला सूर्यापासून १२ अंश दूर सरकतो आणि तेवढीच भरतीही रोज मागे सरकते, म्हणून हे गणित जमते. दादाने ते बेसिक भाषेत बसवले. तिथी विचारायची, तिला तीनाने गुणून चाराने भागायचे, उत्तर पडद्यावर.

१३/
१९९२ मध्ये संगणक बिघडला आणि पुढल्या वर्षी आजोबा गेले. कॅसेटी एका पत्र्याच्या डब्यात माळ्यावर पडून राहिल्या. गेल्या वर्षी घर रिकामे करताना त्या हाती आल्या. समुद्राकाठची दमट हवा फितीची वैरीण आहे. आठपैकी तीन कॅसेटींवर बुरशीचा पांढरा थर चढला होता. उरलेल्या पाच मी एका दुरुस्त केलेल्या टेपवरून लॅपटॉपमध्ये उतरवल्या. ध्वनीतून मूळ प्रोग्रॅम काढून देणारी सॉफ्टवेअर आज सहज मिळतात. भरतीचा प्रोग्रॅम अखंड निघाला आणि एम्युलेटरवर चाललाही.

१४/
पण त्यातली सत्तरावी ओळ मला कळेना. तिथी दहाच्या पुढे असेल तर उत्तरात अर्धा तास मिळवावा, असे त्या ओळीत होते. ठोकताळ्यात तर हे कुठेच नाही. दादाला विचारले. तीस-पस्तीस वर्षांनी त्यालाही काही आठवेना. 'असेल काहीतरी चुकून राहिलेले,' म्हणाला. संगणकाच्या फाइलमध्ये याहून अधिक माहिती नव्हती.

१५/
उत्तर मिळाले ते पूर्ण बाजू कानांनी ऐकल्यावर. प्रोग्रॅमची खरखर संपते, पिन काढल्याचा खट्ट आवाज येतो आणि मग सुमारे चाळीस सेकंद आमच्या घराची दुपार. शेजारी बसलेले आजोबा मांगेली बोलीत दादाला समजावत आहेत की, पाऊणपट ही तोंडी हिशेबाची सोय, पाणी त्याहून थोडे उशिरा येते. पहिल्या तिथींना फरक जाणवत नाही, पण पौर्णिमा-अमावास्येकडे जाताना तो साठत जातो, तेव्हा अर्धा तास पुढे धर. दादा म्हणतो, 'आजोबा, थांबा, टेप चालू आहे.' आणि ध्वनी तुटतो.

१६/
मी गणित करून पाहिले. १२ अंश म्हणजे ४८ मिनिटे, पाऊणपट म्हणजे ४५. दर तिथीला ३ मिनिटांची तूट पडते. अकराव्या तिथीला ती ३३ मिनिटे होते, पौर्णिमेला ४५. आजोबांची दुरुस्ती अचूक दिशेची होती. कोणत्याही पुस्तकाविना, केवळ पाण्याकडे पाहून ती त्यांना साधली होती. आमच्याकडे त्यांच्या आवाजाचे दुसरे ध्वनिमुद्रण नाही.

१७/
ही कॅसेट वाचली कशी, याचाही विचार करण्याजोगा आहे. कोरी कॅसेट स्वस्त नव्हती. घरातील बहुतेक कॅसेटींवर पुनःपुन्हा नवी गाणी चढली आणि जुने सारे पुसले गेले. 'संगणकाच्या' कॅसेटींना मात्र कोणी हात लावला नाही, कारण त्या लावल्या की खरखरच ऐकू येई. पण त्याच कारणाने आज त्या सर्वांत आधी भंगारात जातात. घर आवरणारा माणूस दहा सेकंद ऐकतो, खराब समजतो आणि टाकून देतो.

१८/
म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी काही सूचना.
• कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या जिभल्या आधी तोडा. मग तिच्यावर चुकूनही काही मुद्रित होणार नाही.
• बुरशी दिसली तर ती कॅसेट लावू नका. हेडवाटे बुरशी इतर कॅसेटींवर जाते.
• जुन्या टेपचा रबरी पट्टा आणि रोलर आधी एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर तपासा.
• दोन्ही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधल्या शांततेसह, उतरवा.
• फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवा. एमपी३ आकार लहान करण्यासाठी ध्वनीचा काही भाग वगळते आणि संगणकाच्या संकेताला ते बाधू शकते.
• खरखर 'साफ' करू नका. ती खरखर हाच मजकूर आहे.
• वेष्टनावरील हस्ताक्षराचा फोटो घ्या.

१९/
आणि सर्वांत महत्त्वाचे. प्रोग्रॅम निघाला म्हणून मूळ ध्वनी पुसू नका. ताम्रपटाचे वाचन छापले म्हणून कोणी ताम्रपट वितळवत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या चाळीस सेकंदांत काहीच नव्हते, म्हणून त्याने ते वगळले. सत्तराव्या ओळीत काय करायचे ते लिहिले होते, का करायचे ते आजोबांच्या तोंडी होते.

२०/
पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू या पट्ट्यात त्या दशकात आणखीही घरांत असे संगणक आले असतील, विशेषतः वसाहतींमध्ये. तुमच्या माळ्यावर, काका-मामांच्या कपाटात, लावल्यावर नुसती शिटी आणि खरखर करणारी एखादी कॅसेट असेल, तर तिच्यावरचे नाव आणि साल या धाग्याखाली अवश्य लिहा. उतरवून घ्यायला मदत लागली तर मी करीन. मात्र फार थांबू नका. आमच्या बुरशी लागलेल्या तीन कॅसेटींवर काय आहे, हे दादाला आठवत नाही, आणि वेष्टनांवरची शाई केव्हाच उडून गेली आहे.