उमरग्याहून पुण्याला : सूर्यास्तापूर्वीचे जेवण

आमचे उमरगा हे पुणे–सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी ९ होता, आता ६५ आहे. वाटसरूंच्या गावात खाण्याची सोय आपोआप वाढते. माझ्या लहानपणी स्टँडजवळ भजी आणि सुशीला मिळे. आता सायंकाळ झाली की तांबड्या अक्षरांतील ‘चायनीज’च्या गाड्या लागतात. त्यांवरचे मंचुरियन चीनमधून आलेले नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते प्रथम केले, असे सांगितले जाते. आले, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालण्याची ही युक्ती पुढे थेट आमच्या गावापर्यंत पोचली.

या सर्व वाटचालीपासून माझी आई अलिप्त राहिली. तिचे वय शहाऐंशी. कंदमूळ नाही, रात्रिभोजन नाही. सूर्यास्ताआधी दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, तिचे ताट उचललेले असते. बँकेच्या नोकरीत माझ्या अनेक गावी बदल्या झाल्या. कुठेही सहकुटुंब हॉटेलात जायचे ठरले की आई म्हणे, “तुम्ही जा, मी घरीच बरी.” आम्हीही ते लगेच मान्य करीत असू. तिच्या व्रताचा आदर म्हणून आम्ही तसे करतो, अशी माझी समजूत होती. त्यात आमची सोयही किती होती, हे मी कधी तपासून पाहिले नाही.

गेल्या मे महिन्यात पुण्यातील नात दहावी उत्तीर्ण झाली. तिला हवे होते ते गजबजलेले आशियाई हॉटेल, जेथे थायलंड, जपान, चीन आणि आपला देश यांच्या चवी एका ताटात येतात. पणजीने फोनवर नेहमीचे वाक्य उच्चारले. नात म्हणाली, “पणजी, मग मलाही जायचे नाही.” फोन खाली ठेवल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. नंतर मला म्हणाली, “पोरीचा हिरमोड नको. जेवायला काही असेल तर येईन.”

हॉटेल शोधण्याचे काम नातीने अंगावर घेतले आणि प्रश्नांची यादी करण्याचे मी. आशियाई स्वयंपाकात अडचणी वरून दिसत नाहीत. थाई करीच्या वाटणात लसूण व छोटे कांदे असतातच, शिवाय गलांगल हे आल्याच्या जातीचे कंद, कोथिंबिरीची मुळे आणि बहुधा कोळंबीची आंबवलेली चटणीही असते. जपानी सूपचा आधार असलेल्या दाशी या रश्श्यात सुकवलेल्या माशाचे पापुद्रे असतात. नुसते ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबून चालत नाही.

पहिल्या हॉटेलने “जैन मिळेल” असे तत्काळ सांगितले. वाटण कोठून येते, हे विचारल्यावर उत्तर आले की ते तयार डब्यातून येते, वरून कांदा-लसूण घालणार नाही. दुसरीकडे स्वयंपाकघरच सात वाजता सुरू होत होते. तिसऱ्याने कढई वेगळी ठेवता येणार नाही, असे कळवले. चौथे ठिकाण शुद्ध शाकाहारी होते. तेथील व्यवस्थापक म्हणाले, “आमच्या यादीतील बहुतेक पदार्थ तुम्हाला चालणार नाहीत. पाच-सहा करून देता येतील. वाटण आम्ही इथेच करतो. आदल्या दिवशी सांगा आणि पाचला या.” नात थोडी खट्टू झाली. मी मात्र म्हणालो, “हेच ठरव.” कर्ज मागणाऱ्यांपैकी जो आपली देणी न विचारता सांगे, त्याच्यावर विश्वास टाकून मी सहसा फसलो नाही. काय जमणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या ‘जमेल’ला किंमत असते.

पहाटे आम्ही निघालो. नळदुर्ग, सोलापूर, मग उजनीचा जलाशय. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. वाटेत मी आईला एक हिशेब सांगितला. पुणे उमरग्याच्या पश्चिमेला पावणेतीन अंश रेखांशावर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या मानाने तेथे सूर्य अकरा मिनिटे उशिरा मावळतो. त्या दिवशी पुण्याचा सूर्यास्त सातच्या सुमारास होता. म्हणजे सव्वासहाच्या आत जेवण आटोपले पाहिजे. आई हसून म्हणाली, “पुण्यात गेल्याचा एवढा तरी फायदा!”

पाच वाजता हॉटेल जवळजवळ रिकामे होते. आमचे गाळलेले पाणी बरोबर होते, त्याला कोणी हरकत घेतली नाही. स्वयंपाकघर काचेपलीकडे दिसत होते. आचाऱ्याने बाहेर येऊन आईला स्वतः विचारले, “सोया सॉस चालेल?” आंबवलेला असल्याने तिला तो नको होता. “गवती चहा?” “तो चालेल.” “आल्याऐवजी सुंठ घालू?” ती म्हणाली, “घाला. आम्हीही तेच करतो.” शहाऐंशी वर्षांच्या माझ्या आईला हॉटेलात कोणी एवढे विचारीत असल्याचे मी प्रथमच पाहत होतो.

कच्च्या पपईची कोशिंबीर आली, नारळाच्या दुधातील भाज्या आणि भात आला, मग भाजलेल्या टोफूबरोबर शेंगदाण्याची दाट चटणी आली. इंडोनेशियाकडे तिला साते सॉस म्हणतात. नारळ, चिंच, गूळ आणि शेंगदाणे. आईने बोटाने चव घेतली आणि म्हणाली, “अरे, ही तर आपली शेंगांची आमटी! जरा घट्ट झाली आहे, एवढेच.” शेंगदाणा आणि मिरची दोन्ही मूळ अमेरिकेतील, समुद्रमार्गे ती आपल्याकडे आली तशीच जावा-सुमात्रेकडेही गेली. सोलापूरची शेंगा चटणी आणि ही चटणी यांचे नाते आईच्या जिभेने पुस्तकाआधी ओळखले.

नातीने मग तिला सांगितले की जपानच्या बौद्ध मठांत ‘शोजिन’ नावाचा स्वयंपाक असतो, त्यात मांस-मासे नसतात आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. थायलंडमध्ये वर्षातून नऊ दिवस असंख्य लोक तसेच अन्न घेतात व तेथील दुकानांवर पिवळी निशाणे लागतात. कंदमुळे त्यांना चालतात, एवढा फरक. आई लक्षपूर्वक ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे एवढ्या लांबही कोणी तरी जिभेला लगाम घालते तर!”

सहा वाजून दहा मिनिटांनी तिने हात धुतले. आम्ही गप्पा मारीत बसलो. साडेसहानंतर तरुण मंडळी येऊ लागली, संगीत मोठे झाले, कढईतून ज्वाळा उठू लागल्या. ज्या गजबजाटासाठी नातीने हे ठिकाण शोधले होते, तो आम्ही निघताना सुरू झाला. मला वाटले, ती हिरमुसली असेल. पण पणजीचा हात धरून ती तिला काचेतून ज्वाळा दाखवीत होती.

मी सवयीप्रमाणे बिल तपासले. बेरीज बरोबर होती. वरच्या कोपऱ्यात छापले होते : व्यक्ती ६. आजवरच्या आमच्या सर्व बिलांवर हा आकडा एकाने कमी येत राहिला, आणि जन्मभर आकडे तपासणाऱ्या माझ्या ते कधी लक्षात आले नव्हते.