बाणकोटची वाट आणि देवांचें ओझें

प्रवासवर्णनें लिहिणारे मुक्कामाविषयीं पानेंच्या पानें लिहितात. पण सामान कशावर, कोठें व कसें बांधलें होतें हें बहुधा सांगत नाहींत. गेल्या मार्गशीर्षांत आम्हांला पुणें ते बाणकोट असा जो प्रवास घडला, त्यांत सामान बांधण्याचा प्रश्नच मुख्य होऊन बसला. ज्या घरांतील तरुण मंडळी मोटारसायकलीवरून दूरदूरच्या वाटा तुडवूं लागली आहे, त्या घरांतील वडील माणसांना ही हकीकत उपयोगी पडेल, अशा समजुतीनें ती येथें लिहीत आहों.

आमचें मूळ घर बाणकोटाजवळ, सावित्रीच्या मुखाशीं. चार पिढ्यांचे देव तेथेंच होते. पूजा आमच्या चुलत वहिनी करीत. परंतु त्यांच्या गुडघ्यांनीं दगा दिला व त्यांचा मुलगा त्यांना मुंबईस नेण्यास आला. देवांचें काय, असा प्रश्न पडला. आमचे थोरले बंधु दादा पुण्यास अंथरुणाला खिळलेले, वय ८२. त्यांनीं एके सकाळीं आम्हांला जवळ बोलावून म्हटलें, "देव इकडे आणा. दोन दिवस तरी पूजा डोळ्यांनीं पाहूं द्या." घरांत मोटार एक, आणि ती दादांसाठीं केव्हांही लागेल म्हणून दारांत उभी असणें अवश्य. एस. टी.च्या गर्दींतून देव आणण्यास थोरल्या वहिनी तयार होईनात. तेव्हां धाकटा पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या बुलेटवर चला. दोन दिवसांत जाऊन येऊं."

आमचें वय पासष्ट. जन्मभर सायकल चालविली, पण दुसऱ्याच्या पाठीमागें बसून घाट कधीं चढलों नव्हतों. तरीही होकार दिला. कारण दादांच्या मुद्रेकडे पाहून दिवस मोजण्याची वेळ आली आहे हें कळत होतें.

पुतण्याच्या गाडीला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस लोंबत्या पिशव्या होत्या. ह्यांना पॅनिअर म्हणतात. शब्द मूळ लॅटिन, आणि त्याचा मूळ अर्थ भाकरीची टोपली. आपल्याकडची घोड्यावरची पडशी किंवा वंजाऱ्यांच्या बैलावरील गोणी ती हीच. म्हणून आम्ही त्यांना पडशाच म्हणूं. दोघांचे कपडे व पाणी त्यांतच भरून जाई. देवांच्या उपकरण्यांना जागा उरेना. यास्तव बैठकीच्या मागें एक लोखंडी कॅरिअर बसवावें असें ठरलें.

आम्हांला वाटलें होतें, हें काम घटकाभराचें. प्रत्यक्षांत सबंध सकाळ गेली. अडचण अशी, कीं पडशांना चाकांत शिरूं न देणारी जी लोखंडी चौकट असते ती शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टावर आधारलेली होती. आणि कॅरिअरचे पुढचे दोन पायही त्याच बोल्टांवर यावयाचे होते. एका खुंटीला दोन पागोटीं! चौकटीची पट्टी, तिच्यावर कॅरिअरची पट्टी आणि मध्यें एक वॉशर, एवढी जाडी झाल्यावर जुना बोल्ट आंखूड पडणार हें उघड आहे. नट पुरता भरून बोल्टाचे निदान दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत, हा त्या धंद्यांतील साधा नियम. फिटरनें डाव्या बाजूस लांब बोल्ट घातला, तो आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. उजवी बाजू पडशीनें झांकलेली होती. तिकडे काय केलें हें आम्हीं विचारलें नाहीं, पुतण्यानेंही पाहिलें नाहीं.

बाकीचीं कामें मात्र त्यानें मन लावून केलीं. उजव्या अंगास सायलेन्सर तापतो, म्हणून पडशी व सायलेन्सर यांत चार बोटांचें अंतर ठेवून मध्यें पत्र्याची ढाल बसविली. पडशांमागें झांकून जाणारे वळणाचे दिवे बाहेर काढले. मागचा दिवा व क्रमांकाची पाटी उघडी राहील असें पाहिलें. दोन माणसांच्या भारासाठीं गाडीच्या पुस्तकांत सांगितली आहे तेवढी हवा मागच्या चाकांत भरली. शेवटीं तो म्हणाला, "काका, जड सामान पडशांत, हलकें कॅरिअरवर. एवढें लक्षांत ठेवा." आम्हीं मान हालविली. मान हालविणें आणि समजणें ह्यांत अंतर असतें, हें चाळीस वर्षें वर्गांत पाहूनही आम्ही विसरलों.

दुसऱ्या दिवशीं पहांटे निघालों. शिरस्त्राण घातलेले आम्ही पाहून सौभाग्यवतीला हसूं आवरेना. पिरंगूट, पौड मागें पडलें आणि मुळशीचें पाणी उजाडत्या प्रकाशांत दिसूं लागलें. ह्याच धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मावळच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला होता. बुडालेल्या गांवांवरील पाणी आज फार शांत दिसतें. पुढें ताम्हिणी घाट. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते. कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून उतरत होत्या आणि जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या गर्द सावलींत रस्ता ओला होता. गाडी हलकी, वळणें सुखाचीं. आम्हांला मोटारसायकलीवरील प्रवासाची गोडी लागली, हें कबूल केलें पाहिजे. मोटारींत बसून रान नुसतें दिसतें. येथें रानाचा गारवा अंगाला भिडतो आणि ओल्या पाल्याचा वासही येतो.

निजामपूर, माणगांव, म्हसळें करीत दुपारीं श्रीवर्धनास पोहोंचलों. पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचें हें गांव. हरिहरेश्वरीं दर्शन घेऊन बागमांडल्यास आलों व फेरीबोटीवर गाडी चढविली. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री येथें एवढी रुंद होते, कीं नदी कोठें संपली आणि समुद्र कोठें लागला हें सांगतां येत नाहीं. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. टेकडीवर बाणकोटचा किल्ला. त्याला मराठे हिंमतगड म्हणत व इंग्रजांनीं फोर्ट व्हिक्टोरिया असें नांव ठेविलें. थोड्या अंतरावर नाना फडणविसांचें वेळास. लहानपणीं हें पाणी आम्ही होडींतून ओलांडीत असूं. बोटीवर गाडी धरून उभे असतांना आम्हांला त्या होडीची आठवण होत होती. पण ती आठवण पुढें किती कामास येणार आहे याची कल्पना नव्हती.

घरीं चुलत वहिनींनीं सर्व काढून ठेविलें होतें. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम, बाण आणि कुलस्वामिनीचा टाक हे रेशमी वस्त्रांत गुंडाळून आम्हीं गळ्यांतील झोळींत घेतले. उपकरणीं मात्र पुष्कळ: दोन मोठ्या समया, घंटा, ताम्हन, पंचपात्री, पितळी परात. काट्यावर घातलीं तों चौदा किलो भरलीं. शिवाय वहिनींनीं दिलेलीं आमसुलें, फणसपोळी, पोह्यांचे पापड आणि दादांसाठीं अंगणांतले दोन नारळ.

येथें आमचें व पुतण्याचें वाजलें. तो म्हणे, पितळ खालीं पडशांत जाऊं द्या. आम्हीं म्हटलें, "अरे, देवांचीं उपकरणीं पायाशीं, चाकाच्या चिखलांत? तीं वर, कॅरिअरवरच राहतील." तो दोन वेळां बोलला, तिसऱ्या वेळीं गप्प बसला. वडील माणसापुढें आपल्या घरांतील मुलें अजून गप्प बसतात. त्याचा आम्हांला त्या वेळीं संतोष वाटला. पडशांत कपडे, पापड आणि आमसुलें अशी अक्षरशः खोगीरभरती झाली, आणि चौदा किलो पितळ घोंगडींत बांधून कॅरिअरवर चढलें.

सपाटीवर कांहीं जाणवलें नाहीं. माणगांव सोडून विळ्यापुढें घाटाची चढण लागली तेव्हां पुतण्या म्हणाला, "काका, हँडल हलकें लागतें आहे." दोन वळणें गेलीं. तिसऱ्या वळणावर पुढचें चाक हवें तेथें न जातां बाहेरच्या बाजूस सरकूं लागलें. आणि त्याच क्षणीं आमच्या पाठीमागें घंटा वाजली. तिची जीभ आम्हीं स्वतः फडक्यानें बांधली होती. पुन्हा वाजली. आम्हीं झोळी छातीशीं घट्ट धरली आणि ओरडलों, "थांब!" त्यानें गाडी सांवरून कडेला घेतली. दरी तेथून सात-आठ हातांवर होती.

उतरून पाहतों तों कॅरिअर एका अंगानें उचललें जाऊन आपटत होतें. उजवी पडशी सोडल्यावर दिसलें, कीं त्या बाजूस जुनाच आंखूड बोल्ट होता. नट अर्धामुर्धा भरलेला असल्यानें हादऱ्यांनीं निसटून केव्हांच पडला होता.

फिटरला दोष देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु पुतण्यानें रस्त्याच्या धुळींत बोटानें एक रेघ ओढली, तेव्हां आमची मान खालीं गेली. कारण ती आम्हीं शाळेंत फळ्यावर शेंकडों वेळां काढली होती. ती तरफ होती. मागच्या चाकाचा आंस हा टेंकू. पुढचें चाक त्याच्यापासून सुमारे १४० सेंटीमीटर पुढें. कॅरिअरवरील ओझें ४० सेंटीमीटर मागें. चौदा किलो ओझें टेंकूच्या मागें ठेविलें, कीं पुढच्या चाकावरचा चार किलो भार उचलला जातो आणि मागच्या चाकावर अठरा किलो चढतात. त्यांत घाटाची चढण आणि मागें बसलेले आम्ही! चाकावर भार नसेल तर तें वळेल कसें? हेंच पितळ पडशांत, आंसाच्या जवळ व जमिनीच्या जवळ असतें, तर ही ओढ फार थोडी राहती. गाडी कलली असतां वरचें ओझें जसें तोल खेंचतें, तसेंही झालें नसतें. शिवाय तुटक्या कॅरिअरला दर खड्ड्यावर चौदा किलोंचा घणही बसला नसता.

पितळ हातांत घेऊन आम्ही कडेला बसलों व पुतण्या रिकामी गाडी घेऊन खालीं विळ्यास गेला. तेथें ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरानें आठ मिलिमीटरचा लांब बोल्ट, दोन वॉशर व न सुटणारा नायलॉनचा नट घालून दिला, आणि दाम चोख घेतले. पुतण्या परत येईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यांत कोणी पाहत नाहीं असें पाहून आम्हीं झोळी उघडली आणि बाळकृष्णाची क्षमा मागितली. उपकरणीं खालीं जाणार म्हणून नव्हे, तर मुलाचें ऐकलें नाहीं म्हणून.

मग सामान नव्यानें लावलें. एक समई व घंटा डावीकडे, दुसरी समई व ताम्हन उजवीकडे. कावडीसारखीं दोन्ही पारडीं सात-सात किलो. परात चपटी, ती आंतल्या अंगास उभी. कपडे, पापड, आमसुलें वर कॅरिअरवर, दोन पट्ट्यांनीं आवळून. देव आमच्या छातीशीं. हँडल पुन्हा ताळ्यावर आलें आणि दिवेलागणीनंतर आम्ही पुण्यास सुखरूप पोहोंचलों.

सकाळीं वहिनींनीं देव मांडले, समया लावल्या. दादांना उशा देऊन बसतें केलें. पूजा झाल्यावर त्यांनीं विचारलें, "ह्या एवढ्या समया फटफटीवर कोठें ठेविल्या होत्या रे?" आम्ही जरा चांचरलों. शेवटीं सर्व सांगितलें. चाकापाशीं, चिखलाच्या उंचीवर, हेंही सांगितलें. दादा हंसले. म्हणाले, "आबांनीं ह्या समया मुंबईहून बोटीनें आणल्या. त्या काय त्यांनीं डोलकाठीवर बांधल्या होत्या? होडीच्या तळाशीं होत्या, म्हणून तर होडी धक्क्याला लागली. आबा देव तेवढे मांडीवर घेऊन बसले होते." मग पुतण्याकडे वळून म्हणाले, "आणि तूं तिसऱ्यांदा कां नाहीं बोललास?"

दादा फाल्गुनांत गेले. तोंवर रोजची पूजा त्यांनीं अंथरुणावरून पाहिली. कॅरिअर अजून गाडीवर आहे. पुतण्या कोठें निघाला, कीं आम्ही चष्मा लावून बाहेर येतों, उजवी पडशी सोडावयास लावतों, आणि नटाबाहेर दोन आटे दिसल्यावांचून त्याला जाऊं देत नाहीं.