सामाईक गाडी

आमच्या कुटुंबाचे वाटणीपत्र 1971 साली झाले. भुसाराची वखार थोरल्या पातीकडे, पेठेतले किराणा दुकान धाकट्या पातीकडे, मोठा काटा त्यांच्याकडे, लहान काटा आमच्याकडे, अशा नोंदी त्यात ओळीने आहेत. शेवटून दुसऱ्या ओळीत एवढेच लिहिले आहे : ‘डॉज मोटार – सामाईक.’ त्या एका शब्दामुळे ती गाडी राजुरीच्या वखारीत पन्नासहून अधिक वर्षे एकाच जागी उभी राहिली. तिला हात लावायचा तर दोन्ही घरांची संमती हवी, आणि संमती मागायला कोणी कोणाच्या दारी जाईना.

ही गाडी थोरले आजोबा आणि माझे आजोबा या दोघा भावांनी 1961 साली मुंबईत जुनी म्हणून विकत घेतली होती. ती वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. सोलापूरच्या दोशी घराण्यातील या जैन उद्योजकाने 1944 साली ही कंपनी काढली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारींची जुळणी सुरू झाली. आपल्या माणसाच्या कारखान्यातली गाडी आपल्या दारात असावी, एवढाच दोघा भावांचा हौसेचा भाग. एरवी दोघेही काटकसरीने राहणारे होते.

वाद झाला तो 1969 साली. माझे आजोबा गाडी घेऊन मुंबईहून परतले, तेव्हा पुढच्या डाव्या मडगार्डला पोचा आलेला होता. नारायणगावच्या अलीकडे बैलगाडीची दांडी लागली, असे त्यांनी सांगितले. पण त्यानंतर गाडी डावीकडे कललेली दिसू लागली. थोरले आजोबा म्हणाले, “एवढ्याशा धक्क्याने गाडी तिरकी होत नाही. घाटात जबर अपघात झाला असला पाहिजे. सांगाडा वाकला आहे, आणि तू लपवतो आहेस.” वाटणीच्या वेळी त्यांनी गाडीची किंमत भंगाराच्या भावाने धरावी असे सुचवले. आजोबांनी नकार दिला. पैशांचे त्यांना फारसे वाटले नसावे. पण व्यापाऱ्याच्या शब्दावर सख्ख्या भावाने शंका घ्यावी, हे त्यांना सोसले नाही. त्यांनी गाडीची किल्ली वखारीच्या खुंटीला अडकवली आणि पुन्हा कधी ती काढली नाही.

दोघेही आता नाहीत. आमच्या घरात ‘त्यांनी आजोबांवर खोटा आळ घेतला’ असे सांगितले जाई. त्यांच्या घरात ‘धाकट्याने गाडी आपटली आणि कबूल केले नाही’ असे. लग्नकार्यात आम्ही एकमेकांकडे जात होतो, आहेर करत होतो, पण पंगतीला शेजारी बसत नव्हतो.

गेल्या वर्षी थोरल्या पातीचे दादा – नात्याने माझे चुलत चुलतबंधू – पुण्यातला व्यवसाय मुलांवर सोपवून गावी राहायला आले. एके दिवशी ते सरळ आमच्या दुकानात आले आणि म्हणाले, “वखारीचे छप्पर उतरवायचे आहे. गाडीचे काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवू. भंगारात घालण्याआधी एकदा उघडून तरी पाहू.” माझ्या वडिलांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली आहे. त्यांनी गल्ल्यावरून मान वर न करताच होकार दिला.

येथे थोडा तांत्रिक खुलासा करणे आवश्यक आहे. आपण सर्वांनी वापरलेल्या फियाट किंवा अँबॅसडर गाडीचे वरचे अंग आणि खालचा सांगाडा वेगळा करता येत नाही. तिथे पत्र्याचे कवच हाच सांगाडा असतो. जुन्या डॉजची रचना ट्रकसारखी आहे. खाली दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके. हा सांगाडा, ज्याला गॅरेजमध्ये चासी म्हणतात, स्वतःच एक पूर्ण यंत्र असते. त्यावर बॉडी रबरी गट्ट्यांवर टेकवून बोल्टांनी आवळलेली असते. म्हणून ती उचलून बाजूला ठेवता येते, आणि उचलल्याखेरीज सांगाड्याची खरी अवस्था कळत नाही.

कामाला लगेच हात घालता आला नाही. मागच्या गादीत उंदरीण व्यालेली होती. पिले चालती होऊन निघून जाईपर्यंत आम्ही तीन आठवडे थांबलो. मग दादांनी नवी वही काढली आणि मालाची यादी करावी तशी प्रत्येक भागाची नोंद सुरू केली. बोनेट, मडगार्ड, दारे, काचा, गाद्या उतरवल्या. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर चिठ्ठी बांधली. रेडिएटर, पेट्रोलची नळी, विजेच्या तारा, स्पीडोमीटरची केबल सोडवली. या गाडीत बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले. आज सवय नेमकी उलटी असल्याने तिथे दुहेरी चिठ्ठी बांधली. स्टिअरिंगचे चाक काढले, म्हणजे त्याचा दांडा खालीच राहील आणि बॉडी त्याच्यावरून निघून येईल.

मिस्त्रीने एक गोष्ट बजावून सांगितली. दारांखालची पत्र्याची पेटी गंजून पोकळ झाली होती. अशी बॉडी तशीच उचलली तर मधोमध दबते आणि मग दारे जन्मात नीट बसत नाहीत. म्हणून दारांच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी पाइप आडवे आणि तिरपे वेल्ड करून घेतले. गंजलेल्या बोल्टांना रोज संध्याकाळी डिझेल पाजायचे आणि सकाळी पाना लावायचा, हा क्रम दहा दिवस चालला.

उचलण्यासाठी आमच्या जुन्या हमालांचे मुकादम आठ माणसे घेऊन आले. त्यांनी प्रथम बॉडीकडे पाहिलेच नाही. “ठेवायची कुठे?” हा त्यांचा पहिला प्रश्न. वखारीच्या दुसऱ्या टोकाला लाकडी ठोकळ्यांचे चार ओटे रचून झाल्यावरच त्यांनी जॅक लावू दिला. बॉडी थोडी वर घेऊन खालून दोन लांब लोखंडी पाइप आडवे सरकवले. रिकाम्या बॉडीचे वजन सुमारे 400 किलो धरले होते, म्हणजे माणशी एक पोते.

पहिल्या हाकेला बॉडी उजवीकडून वर आली. मागची डावी बाजू हलेना. पत्रा करकरला. मुकादम ओरडले, “ठेवा!” दादांनी वही पाहिली. सर्व बोल्टांपुढे खूण होती. मी कंदील घेऊन खाली शिरलो. मागच्या गादीखाली, मातीच्या थराआड, एक बोल्ट तसाच होता. त्याच्या शेजारचा काढून आम्ही दोन खुणा केल्या होत्या. वही जुळत होती, माल जुळत नव्हता. दुकानदाराला यापेक्षा मोठी शरम नाही.

दुसऱ्या हाकेला बॉडी अलगद वर आली. दोघांनी सांगाडा चाकांवर मागे ओढून काढला आणि बॉडी ओट्यांवर टेकली. वखारीत क्षणभर कोणी बोलले नाही. माझे वडील दाराशी खुर्ची टाकून बसले होते. ते उठून उभे राहिले.

सांगाडा वाकला आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. तो समपातळीत ठोकळ्यांवर ठेवायचा, चारी कोपऱ्यांतल्या ठरावीक छिद्रांतून ओळंबा सोडायचा, खाली फरशीवर खडूने खुणा करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले, तर सांगाडा काटकोनात आहे. टेपचे एक टोक मी धरू लागलो, तेव्हा दादा म्हणाले, “तू नको. मिस्त्रीला धरू दे.” मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

दोन्ही कर्णांत एका सुताचाही फरक नव्हता. दादांनी टेपची टोके बदलून पुन्हा मोजले. मग ते माझ्या वडिलांसमोर जाऊन उभे राहिले. “काका, सांगाडा सरळ आहे. गाडी आपटलेली नव्हती.”

वडिलांनी मान हलवली. मग त्यांनी विचारले, “मग ती कलत का होती?”

याचे उत्तर मिस्त्री आधीच पाहून बसला होता. मागच्या डाव्या चाकावर कमानीसारखे वाकलेले पोलादी पाटे एकावर एक बांधलेले असतात. त्यांतील मुख्य पाट्याखालचे दोन तुटलेले होते. गाडी कलत होती ती त्यामुळे. ओझ्याने, खड्ड्याने, जुनेपणाने असे पाटे तुटतात. आणि ते पाहण्यासाठी बॉडी उचलण्याचीही गरज नव्हती. 1969 साली दोघा भावांपैकी कोणीही चाकामागे वाकून पाहिले असते, तरी दिसले असते.

वडील बराच वेळ त्या पाट्यांकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे मोठे काका खोटे बोलले नाहीत. गाडी तिरकी होतीच.” लहानपणापासून आमच्या घरात मी ऐकलेले वाक्य त्या दिवशी वडिलांनी स्वतः मागे घेतले. मग त्यांनी दादांकडून वही मागून घेतली, मापांच्या खाली तारीख घातली आणि आम्हा दोघांना सह्या करायला लावल्या; थोरल्या पातीतर्फे दादांची, धाकट्या पातीतर्फे माझी.

आता सांगाडा घासून त्याला गंजरोधक रंग दिला आहे. पाटे नवे करून घेतले आहेत. दारांखालच्या पेट्यांचा पत्रा बदलण्याचे काम चालू आहे. गाडी चालू होईल की नाही हे इंजिन उघडल्यावर ठरेल, आणि खर्च दोन्ही घरांत निम्मा निम्मा लिहिला जात आहे. वाटणीपत्रातला शब्द आम्ही बदललेला नाही.

परवा मुकादमांनी विचारले, बॉडी परत ठेवायला माणसे कधी आणू? दादा म्हणाले, “दिवाळीनंतर. तुम्ही या, हाक तुम्हीच द्या. पण माणसे आणू नका. चार आमच्या घरची येतील, चार यांच्या घरची.”